कानाची जवारी

तंबोऱ्याची जवारी लागताना एकदा तरी जवळून पाहावी. घोडीच्या रुंद पाठीवरून तार जाते आणि तारेखाली सुताचा एक धागा अडकवलेला असतो. तो केसभर पुढे सरकला की तार मुकी होते, केसभर मागे आला की नुसता चरचराट उरतो. मधे कुठेतरी एक जागा सापडते. तिथे तार छेडली की आवाज फुलतो, आणि खर्जाच्या आत कुणीही न छेडलेला गंधार वाजू लागतो. ही जागा मोजपट्टीने काढता येत नाही. मिरजेच्या ज्या तंबोऱ्या-सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांची घोडी घासणारा कारागीरही ती कानानेच शोधतो. सतार असेल तर तो आधी विचारतो, जवारी खुली हवी की बंद? पंडित रविशंकरांची सतार खुल्या जवारीची, उस्ताद विलायत खाँची बंद जवारीची. यातली बरोबर कोणती, असा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. वाजवणारा कोण, त्याला काय ऐकायचंय, त्यावर ते ठरतं.

हेडफोनच्या बाबतीत मात्र आपण हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतो. सर्वांत चांगला कोणता? मीही बरीच वर्षं तसाच विचारत होतो. आता मला वाटतं, या प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. तंबोऱ्याचा आवाज घोडीवर पुरा होतो, तसा हेडफोनचा आवाज ऐकणाऱ्याच्या डोक्यावर पुरा होतो. दुकानात पेटीत असतो तो अर्धा आवाज. उरलेला अर्धा आपण सोबत घेऊन जातो. हे नीट उलगडून सांगायचं तर आधी हेडफोनच्या पाठीकडे बघावं लागेल.

ओपन-बॅक हेडफोनच्या कपाला मागून भिंत नसते, जाळी असते. आतला पडदा पुढे-मागे हलतो तेव्हा आवाज दोन्ही बाजूंनी निघतो. बंद कपात मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा जो एक दबका रंग येतो, तो बराचसा या परतलेल्या आवाजाचा. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तो जाळीतून निघून जातो. त्याची किंमतही मोजावी लागते. शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं ऐकू येतं आणि तुम्हाला छताच्या पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी. पण गाणाऱ्यासाठी यात एक मोठी सोय आहे. बंद हेडफोन लावून षड्ज लावला की स्वतःचाच आवाज कवटीत घुमतो आणि सूर नेमका कुठे आहे ते कळेनासं होतं. उघड्या हेडफोनमध्ये आपला आवाज खोलीतून येतो तसाच कानाशी येतो. तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगवर रियाज करणाऱ्यांना म्हणूनच मी नेहमी उघडे हेडफोन सुचवतो.

ही कल्पना बाजारात आणली जर्मनीच्या सेनहायझरने, १९६८ मध्ये. त्या एचडी ४१४ ला पिवळ्या स्पंजच्या गाद्या होत्या आणि पुढे त्याचे १ कोटीहून अधिक नग विकले गेले. त्याआधीचे हेडफोन जड आणि कान कोंडणारे असत. आज या प्रकारात जी नावं घेतली जातात, सेनहायझरचे एचडी ६०० आणि ६५०, हाइलब्रॉनच्या बायरडायनॅमिकचा डीटी ९९०, मूळ व्हिएन्नाच्या एकेजीचा के ७०१, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बनणारे ग्राडो, ते सगळे त्याच वाटेने आलेले आहेत. पाठ सगळ्यांची उघडी, पण आवाज एकाचा दुसऱ्यासारखा नाही.

तंबोरा लावून ऐकलं की हा फरक लगेच पकडता येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज साधारण १३८ हर्ट्‌झचा, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास. त्या खर्जाची पाचवी पट म्हणजे सुमारे ३४६ हर्ट्‌झवर आपला स्वयंभू गंधार. आणि जवारीचं जे तेज, तो जो बारीक झणत्कार, तो त्याहून खूप वर, काही हजार हर्ट्‌झमध्ये. एकच वाद्य अशी सगळी उंची व्यापून उभं असतं, आणि तेही न थांबता, एकसारखं. हेडफोन पारखायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. एचडी ६५० वर खर्ज ऊबदार आणि गोल येतो, गंधार स्पष्ट दिसतो, झणत्कार जरा मागे बसतो. एचडी ६०० हा त्याचाच थोरला भाऊ, १९९७ चा. त्यावर हेच चित्र, फक्त पडदा थोडा बाजूला सारल्यासारखं. के ७०१ वर खर्ज सडपातळ होतो आणि तंबोरा पसरट जागेत जरा दूर जाऊन बसतो. गायिकेचा आवाज मात्र पुढे येतो. डीटी ९९० मध्ये खालची आणि वरची अशा दोन्ही बाजू उचललेल्या आहेत. आठ हजार हर्ट्‌झच्या आसपास त्याचं तेज चांगलंच चढतं आणि जवारी काचेच्या कडेसारखी चमकते. ग्राडोत पडदा कानाच्या अगदी जवळ असतो आणि स्पंजची गादी कानावरच टेकते. तिथे तंबोरा समोर नसतोच, तो कानात असतो. हायफायमॅनच्या सुंदरासारखे प्लॅनर हेडफोन आणखी वेगळे. त्यांच्या पातळ पडद्यावर वाहक पट्टे पसरलेले असतात आणि चुंबकं तो पडदा सबंधच्या सबंध हलवतात. डग्ग्यावर तळवा घासत नेल्यावर निघणारा घुमारा सर्वांत खालपर्यंत, न झिजता, अशाच हेडफोनवर ऐकू येतो.

गंधार मात्र सगळ्यांवर ऐकू आला. हे मला महत्त्वाचं वाटतं. कोणताही बरा हेडफोन स्वर लपवत नाही. तो फक्त कोणता अंश पुढे आणि कोणता मागे हे ठरवतो, अगदी सुताच्या धाग्यासारखं.

मग बनवणारे हे कशावरून ठरवतात? सरळ, सपाट आवाज का देत नाहीत? कारण कान स्वतः सपाट नाही. आपली कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आहे आणि पाली, डोकं, खांदे यांच्यासह ती समोरून येणाऱ्या आवाजाचा तीन हजार हर्ट्‌झच्या आसपासचा भाग १० डेसिबलहून अधिक उचलून धरते. जन्मापासून आपण जग असंच ऐकत आलो, म्हणून आपल्याला ते सपाट वाटतं. हेडफोन मात्र खांदे आणि डोकं ओलांडून थेट कानाशी येतो. तेव्हा ही उठावदार टेकडी किती उंच ठेवायची ते बनवणाऱ्याला स्वतः ठरवावं लागतं. ध्वनिसंशोधक ग्युंटर थाइले यांनी १९८६ मध्ये मांडलं की स्टुडिओच्या हेडफोनने चहूबाजूंनी सारख्या येणाऱ्या आवाजाची नक्कल करावी. बरीच वर्षं तो दंडक होता. पण लोकांना तो आवाज पातळ वाटे. मग २०१२ नंतरच्या काही वर्षांत हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी वेगळाच मार्ग धरला. त्यांनी निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या वयाच्या लोकांना बसवून विचारलं, तुम्हाला कोणता आवाज आवडतो? अनेकांची आवड एका ठिकाणी आली. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात, साधारण तसा आवाज, खालची बाजू थोडी उचललेली.

इथे कुणी म्हणेल, झालं की मग, प्रश्न मिटला. पण याच संशोधनाचा पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. ऐकणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांना तो आवाज भावला. १५ टक्क्यांना खर्ज त्याहून जास्त हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. या कमी मागणाऱ्यांत पन्नाशीपुढचे लोक आणि बायका तुलनेने अधिक होत्या. तिघांत एक माणूस बाहेर पडतो. हा एक माणूस चुकीचं ऐकतो असं म्हणायला कोणताही आधार नाही.

माझी आई त्यातलीच. ती पंचाहत्तरीची आहे आणि तिचं सगळं गाणं आकाशवाणीवर झालेलं. एके दुपारी मी तिच्यासमोर तीन हेडफोन ठेवले आणि तिच्या आवडीचं एक नाट्यपद लावलं. एचडी ६५० वर तिने मान हलवली, पण काही बोलली नाही. सुंदरा लावल्यावर म्हणाली, "हे फार घुमतंय." के ७०१ लावला आणि ती ऐकत राहिली. पद संपल्यावर मी विचारलं, "आई, ह्यात काय आवडलं?" ती म्हणाली, "ह्यात शब्द कळतात रे." माझ्या कानाला जो आवाज सडपातळ, तो तिला स्वच्छ. जुन्या रेडिओच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज फारसा येतच नसे, आणि शब्द मात्र ठसठशीत येत. तिचं गाणं त्या आवाजात तिच्या मनात बसलेलं आहे. के ७०१ ने ते तिला परत दिलं.

इथे मला मूळ मुद्दा हाती लागल्यासारखा वाटतो. खरा आवाज म्हणजे काय, हे आपण कुठे बसून ऐकत आलो त्यावर ठरतं. माझे एक स्नेही तबला वाजवतात. त्यांना माझा एचडी ६५० मेणचट वाटतो. ते म्हणतात, "किनार कुठे गेली?" डीटी ९९० त्यांना जिवंत वाटतो. आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांचं डोकं रोज तबल्यावर वाकलेलं असतं. चाटेवर बोट पडतं तेव्हा ते त्यांच्या कानापासून दोन फुटांवर. तो टोकदार, कोरडा, चमकदार आघात हाच त्यांच्या लेखी तबला. आठव्या रांगेतल्या श्रोत्याला तो कधीच तसा ऐकू आलेला नाही. मंडपात मागे बसून ज्याने आयुष्यभर कर्ण्यांतून गाणं ऐकलं, त्याला आणखी तिसराच तबला माहीत आहे.

मी तरुणपणी अनेकदा गवयामागे तंबोऱ्याला बसलो. तंबोरा उभा धरला की डांडी गालाशी येते आणि भोपळा मांडीवर. खर्ज कानांनी ऐकायच्या आधी हाडांना कळतो. जवारीचं तेज मात्र घोडीपाशी, खाली, पुढे निघून जातं. धरणाऱ्याच्या वाट्याला गोलवा येतो. एचडी ६५० पहिल्यांदा कानाला लावला तेव्हा मला हा गोलवा ओळखीचा वाटला. मी तेव्हा म्हणालो, हाच खरा. तो खरा होता, पण तंबोरा धरणाऱ्याच्या जागेवरून खरा.

कुणी म्हणेल, मग सगळंच ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडायचं का? तसं नाही. जवारी खुली असू शकते, बंद असू शकते, पण फुटकी असेल तर ती फुटकीच. ज्या हेडफोनवर दोन तानांमधल्या जागा सांधल्या जातात, ज्यावर गायिकेच्या 'स'काराला फणा फुटतो, ज्यावर तंबोऱ्याची आस मधेच तुटते, तो कुणाच्याही आवडीच्या नावाखाली चांगला ठरत नाही. आवडीला जागा आहे, पण ती दोषाच्या पलीकडे सुरू होते. कानसेन हा शब्द आपल्याकडे आदराने वापरतात. या दोन गोष्टी ज्याला वेगळ्या करता येतात, त्यालाच तो शोभतो.

त्या वेगळ्या करायला तुलना प्रामाणिक असावी लागते, आणि इथे मी स्वतः बराच काळ चुकलो. एचडी ६०० चा विद्युतरोध ३०० ओहम, डीटी ९९० च्या नेहमीच्या प्रकाराचा २५०, माझ्या ग्राडोचा ३२. आवाजाचं बटण एकाच जागी ठेवून मी एकामागून एक लावत गेलो. ग्राडो मोठ्याने वाजला आणि मला तो जिवंत, मोकळा, श्रेष्ठ वाटला. कानाचा हा स्वभावच आहे. थोडा मोठा आवाज त्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज वाढला की कानाला खर्ज आणि वरची टोकं तुलनेने जास्त ऐकू येतात. म्हणजे बटण फिरवलं की हेडफोनचा रंगच बदलल्याचा भास होतो. पुढे मी जुन्या कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्यातून एक चकती कापली, मधे फोनच्या माइकएवढं भोक पाडलं, ती गादीवर दाबून बसवली आणि एकसारखा सळसळणारा आवाज लावून प्रत्येक हेडफोनची पातळी फोनवर मोजून सारखी केली. ही मोजणी प्रयोगशाळेची नव्हे, पण पुरेशी. त्या संध्याकाळी ग्राडोचं अर्धं श्रेष्ठत्व गळून पडलं. उरलेलं अर्धं खरं होतं. गिटार आणि सरोदचा आघात त्यावर जसा येतो तसा माझ्याकडच्या दुसऱ्या कशावर येत नाही.

चष्म्याचंही असंच. चष्म्याची काडी गादी आणि कानशील यांच्यामध्ये फट ठेवते आणि त्या फटीतून खर्ज गळतो. दोन महिने मला सुंदराचा खर्ज लोक सांगतात तसा वाटेना. एकदा चष्मा काढून डोळे मिटून बसलो आणि डग्गा पोटात वाजला. जुन्या गाद्या चेपल्या की पडदा कानाजवळ येतो आणि तोच हेडफोन वेगळा वाजू लागतो. नवा हेडफोन आठवडाभर वाजवला की "मोकळा होतो" असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की त्यात हेडफोनपेक्षा कान जास्त बदलतो. पहिल्या दिवशी बोचणारं तेज पाचव्या दिवशी बोचत नाही, आणि मग जुना हेडफोन लावला की तो मंद वाटतो. म्हणून मी पहिल्या तासाच्या मतावर विश्वास ठेवत नाही. पाचव्या दिवशीही बोचत असेल, तर ते बोचणं खरं.

रेकॉर्डिंगही बाजू घेतं. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांच्या ७८ च्या तबकड्यांवरची खरखर डीटी ९९० पुढे करतो आणि त्या खरखरीमागे त्यांचा तो नाजूक आवाज शोधावा लागतो. एचडी ६५० ती खरखर निमूट मागे बसवतो आणि आवाज समोर ठेवतो. ते ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं, त्यामुळे रुंद जागा रचणारा हेडफोनही त्याला रुंद करू शकत नाही. खाँसाहेब कपाळाच्या मध्यभागी उभे राहून गातात. पण अलीकडच्या, चांगल्या मैफलीच्या थेट रेकॉर्डिंगवर डीटी ९९० किंवा के ७०१ जी हवा देतात, सभागृहाची जी खोली उभी करतात, ती एचडी ६५० देत नाही. ज्याच्या कपाटात जुनं गाणं जास्त, त्याची निवड आणि ज्याच्या कपाटात नवं जास्त, त्याची निवड एकच असावी, असा आग्रह कशाला?

माझ्या टेबलावर आता एचडी ६०० राहिला आहे. ६५० चा गोलवा मला प्रिय होता, पण हळूहळू लक्षात आलं की मी त्यावर गाणं कमी आणि माझं तंबोऱ्यामागे बसणं जास्त ऐकत होतो. ६०० वर तो गोलवा आहे आणि गवय्याचा चेहराही थोडा दिसतो. के ७०१ आईच्या खोलीत असतो. तबल्याचे स्नेही येतात तेव्हा त्यांचा डीटी ९९० सोबत आणतात, आणि आम्ही एकच द्रुत बंदिश आपापल्या हेडफोनवर आळीपाळीने ऐकतो.

तुम्ही घ्यायला निघालात तर कुणाचीही यादी हाती घेऊ नका, माझी तर नकोच. तुम्ही शंभरदा ऐकलेलं एक रेकॉर्डिंग फोनवर घेऊन जा, चष्मा लावत असाल तर तो घालूनच जा, आणि दुकानदाराला प्रत्येक हेडफोनचा आवाज सारख्या पातळीवर आणायला सांगा. मग डोळे मिटून सुरुवातीचा नुसता तंबोरा ऐका.